देवदत्ताचे वकील

इतिहासाचे आमचे सर रागावले नाहीत असा दिवस शाळेत क्वचितच जायचा, आणि त्यांचा राग जवळच्या माणसावर जवळजवळ कधीच नसायचा. तो असायचा शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या लोकांवर. एखाद्या दरबारात कुणावर अन्याय झाला, एखाद्या बखरकारानं कुणाची बाजू लिहिलीच नाही, की सरांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. जणू ते सगळं काल संध्याकाळी सोलापूरच्या सात रस्त्याला त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला नवीनच लागले होते. सहावीच्या वर्गावर राजहंसाची गोष्ट चालली होती. ती कुणाला ठाऊक नसते? देवदत्त बाण मारतो, हंस पडतो, सिद्धार्थ त्याला उचलून पोटाशी धरतो, हंस कुणाचा यावरून दोघा चुलतभावांचं भांडण जुंपतं, आणि शेवटी ठरतं की मारणाऱ्यापेक्षा वाचवणारा मोठा. हे वाक्य मी मुलांकडून एकासुरात म्हणवून घेत होते, तेवढ्यात शेजारच्या वर्गातून सर तरातरा आत आले. हातातला खडू तसाच.

"बाई, एक मिनिट." माझ्या परवानगीची वाट न बघता ते मुलांकडे वळले. "देवदत्ताचं वय काय होतं रे तेव्हा?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"तुमच्याएवढंच असंल की! आता खरं सांगा, पाखराला गलोल कुणी कुणी मारलीय? हात वर करा."

अर्ध्या वर्गाचे हात वर गेले. एक-दोन मुलींचेसुद्धा.

"बघा बाई. हे सगळे खलनायक. यांना आता अडीच हजार वर्षं शिव्या द्यायच्या, लागा कामाला." आणि सर आले तसे निघून गेले. मुलं पोट धरून हसत होती आणि मी संतापानं लाल झाले होते. मधल्या सुट्टीत जाब विचारायचा म्हणून मी शिक्षक-खोलीत गेले, तर त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. म्हणाले, "तुमचा राग बरोबर हाय. मी तुमच्या वर्गात घुसायला नको होतं. पण त्या देवदत्ताच्या बाजूनं कधीच कुणी घुसलं नाही, त्याला काय करायचं?"

मुलं त्यांना मागून 'देवदत्त सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. खरं तर त्यांचा धर्म बौद्ध, आणि बौद्ध घरात देवदत्त म्हणजे विश्वासघाताला दुसरं नाव. बुद्धाच्या अंगावर डोंगरावरून धोंडा लोटणारा, पिसाळलेला हत्ती सोडणारा, राजपुत्राला बापाविरुद्ध उठवणारा, संघ फोडणारा. हे सगळं सरांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पाली त्यांनी स्वतःच्या हौसेनं शिकून घेतली होती. ते देवदत्ताला निर्दोष म्हणायचे नाहीत. "वकील आरोपीला साधू म्हणत नाही," असं त्यांचं म्हणणं. "तो फक्त म्हणतो, याचंबी ऐकून घ्या."

स्नेहसंमेलनाचं नाटक बसायला लागलं की सरांचा एक हट्ट असायचा. नाटकात जो कुणी दुष्ट असेल, त्याला स्वतःच्या बाजूचं एक वाक्य मिळालं पाहिजे. लेखकानं दिलं नसेल तर सर स्वतः लिहून द्यायचे. एका वर्षी कंसाच्या पार्टाला त्यांनी वाक्य दिलं, "मला मरणाची भीती वाटते, तुम्हाला वाटत नाही का?" प्रेक्षकांत एक आजीबाई मोठ्यानं "वाटतीया बाबा!" म्हणाल्या, आणि कंसाला टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी नंतर सरांना बोलावून घेतलं. परीक्षेतही तेच. 'फितूर कोण?' असा प्रश्न सर कधी काढायचे नाहीत. दुसऱ्या कुणी काढला तर पेपर तपासताना चडफडायचे.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, की सर, या वाईट माणसांचा तुम्हाला इतका कळवळा का?

उन्हाळ्याचे दिवस होते, पेपर तपासणी चालली होती. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं.

"आमचं गाव मंद्रूपच्या अलीकडं. शाळेत दरवर्षी नाटक व्हायचं. मला दरवर्षी राक्षस. तोंडाला काजळी, डोक्याला शिंगं. मी सगळ्या मुलांत गोरा होतो बाई, पाठांतरात पहिला होतो. तरी राक्षस. मला राम व्हायला कुणी ना म्हणालं नाही बरं का. कारण 'राम होतोस का' असं विचारलंच नाही कुणी. मास्तर वस्तीकडं बघायचे आणि पार्ट वाटायचे." मग पेन उचलून म्हणाले, "राक्षसाला वाक्य एकच होतं. 'हा हा हा.' सात वर्षं मी हेच म्हणालो."

त्यानंतर मी तो प्रश्न परत विचारला नाही.

सरांच्या रागात जित्याजागत्या माणसांपैकी एकालाच वाटा मिळायचा, आणि ते होते शमुवेलदादा. दोघांचे वडील सख्खे भाऊ. थोरला मिशनच्या बोर्डिंगात शिकला आणि ख्रिस्ती झाला, धाकट्यानं पुढे धम्माची दीक्षा घेतली. दोघांनी सोडलं ते एकच, गावाबाहेरचं जिणं. वाटा मात्र दोन. थोरल्याचे शमुवेलदादा, धाकट्याचे आमचे सर. दादा मिशनच्या एका जुन्या दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त झाल्यावर सरांच्याच गल्लीत राहायला आले. ठेंगणे, गोल, कायम हसतमुख. सरांच्या शेजारी उभे राहिले की उभ्या काठीशेजारी मडकं ठेवल्यासारखं दिसायचं.

शाळा सुटली की सात रस्त्याजवळच्या एका टपरीवर दोघांचं भांडण बसायचं. ते बघायला मीही कधीकधी थांबायचे. टपरीवाला चाचा चहा गाळता गाळता विचारायचा, "क्या सर, आज किस पे गुस्सा?" आणि सर सुरू व्हायचे. दादा म्हणायचे, "मास्तर, तुझ्या बुद्धानं देव न्हाय म्हटलं, मग तू रागावतोस कुणावर? आमाला निदान सैतान तरी हाय." सर म्हणायचे, "तेच तर. तुमाला सैतान हाय म्हणून तुमाला डोकं लागत नाही." दोघंही खदाखदा हसायचे. इतकं मोकळं भांडण मी सख्ख्या भावांतही पाहिलेलं नाही. आमच्या वळसंगच्या घरात एका बांधावरून काका-बाबा वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि इथं दोन धर्म रोज एका बशीतून चहा पीत होते.

सयामची गोष्ट मी सरांच्या तोंडून पहिल्यांदा याच टपरीवर ऐकली.

तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सचे राजदूत आणि पाद्री सयाम देशात गेले, म्हणजे आजच्या थायलंडात. त्यांच्याजवळ वधस्तंभावरच्या येशूची प्रतिमा होती. ती बघून तिथले बौद्ध लोक दचकले. हातापायांना खिळे, अंगातून रक्त, डोक्याला काटे. असा माणूस त्यांना त्यांच्या पुराणातून ओळखीचा होता. नरकात लोखंडी सुळांवर उभा केलेला, डोक्यावर तापलेलं लोखंड घातलेला. ते म्हणाले, अरे, हा तर आमचा देवदत्त! हे परदेशी लोक देवदत्ताची पूजा करतात! तेव्हापासून तिथल्या पुष्कळ लोकांची अशी समजूतच झाली, की येशू म्हणजे देवदत्ताचाच कुणीतरी.

मी दादांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हे दुखावणार. दादांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे मास्तर, तू इतकी वर्षं आमच्याच देवाची वकिली करतोस की! बाप्तिस्मा कधी घेतोस?"

सर तिरमिरून उठले, आणि चाचासकट आम्ही सगळे हसलो. ही गोष्ट त्या दोघांत एवढीच होती. हसण्यावारी जाणारी, आणि हसता हसता विचार करायला लावणारी. पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझी मूठ वळते.

एका रविवारी सरांनी विहाराच्या वाचनालयात या विषयावर भाषण दिलं. मी हजर होते. सयामची गोष्ट सांगून ते लगेच म्हणाले होते, "ही त्या लोकांची चूक होती. आणि त्याच वेळी पाद्री बुद्धाची मूर्ती बघून सैतान म्हणत होते, ती त्यांची चूक. आपल्या घरातला वाईट माणूस दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात दिसायला लागला, की समजावं आपले डोळे बिघडलेत." लोक शांतपणे ऐकत होते. कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करत होतं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आठवड्याभरात तो व्हिडिओ सगळ्या गावात फिरला. सगळा नव्हे, मधला तुकडा. सर हात उगारून म्हणतायत, "अरे, हा तर आमचा देवदत्त!" एवढंच. पुढचं वाक्य कापलेलं. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'ऐका, येशू खरा कोण होता! सोलापूरच्या इतिहासतज्ज्ञांचा गौप्यस्फोट!' ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचं वाक्य कापू नका म्हणून भांडण केलं, त्याचंच वाक्य कापलं. ते कापणाऱ्या हातांचा मला आजही तिरस्कार वाटतो. त्यातल्या एकानंही सरांचं भाषण संपेपर्यंत ऐकलं नव्हतं.

लगेच दोन टोळ्या उभ्या राहिल्या. शहराबाहेरच्या एका नव्या प्रार्थनागृहातला प्रचारक, जो बुद्धाच्या मूर्तीला उघड उघड भुताची मूर्ती म्हणायचा, त्याला अचानक धार्मिक भावनांची आठवण झाली. त्यानं शाळेच्या संस्थेकडे तक्रार केली, आणि ती वजनदार व्हावी म्हणून शहरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांच्या सह्या गोळा करायला माणसं पाठवली. ती माणसं शमुवेलदादांकडेही गेली. मार्थावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, मला नंतर सांगितलं. दादा दारातच म्हणाले, "तो माझा भाऊ हाय. त्याला शिव्या द्यायला मी हाय की, तुमी कशाला? मी सही करणार न्हाय, आणि चहा पिणार असाल तर बसा." ती माणसं बसली नाहीत.

दुसऱ्या बाजूला नगरसेवक व्हायला निघालेल्या एका पुढाऱ्याला सरांमध्ये मतं दिसली. त्यानं सरांचा जाहीर सत्कार ठेवला. सर जायला तयार झाले याचं मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, "बाई, माझं उरलेलं वाक्य सांगायला मला दुसरी जागा कुणी देणार हाय का?"

मैदानात मोठा मंडप होता. सरांच्या मागं त्यांच्या फोटोचा एवढा मोठा फलक, 'परकीय देवाचा बुरखा फाडणारे निर्भीड संशोधक'. मी पहिल्या काही रांगांत बसले होते. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात शमुवेलदादा दिसले, डोक्याला उपरणं गुंडाळून. पुढाऱ्यानं शाल उलगडली. सरांनी ती हातात घेतली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

"शाल घ्यायच्या आधी एक विचारतो," ते माईकवर म्हणाले. "माझं सबंध भाषण इथं कुणी कुणी ऐकलंय?"

दोन-चार हात वर झाले.

"मग सत्कार कुणाचा चाललाय? तुकड्याचा?"

सरांनी सयामची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग त्यांचा आवाज चढला. "आपल्याला गावानं पिढ्यान् पिढ्या राक्षसाचं सोंग दिलं. आपल्या बापांनी ते उतरवलं. दोन वाटांनी उतरवलं, पण उतरवलं. आणि तुमी काय करताय? तेच सोंग उचलून दुसऱ्याच्या तोंडावर चढवताय! आणि तेबी कुणाच्या? जे कालपर्यंत आपल्याच वस्तीत, आपल्याच आडावर पाणी भरत होते त्यांच्या! शरम नाही वाटत?"

"पाद्र्याकडनं किती घेतले?" मागून कुणीतरी ओरडलं. मग एकदम कल्ला झाला. कुणीतरी माईकची वायर ओढली. पुढाऱ्याची माणसं सरांना हाताला धरून खाली ओढू लागली, त्यात त्यांचा चष्मा पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. सर चाचपडत पायऱ्या शोधत होते. तेव्हा उपरणं सोडून शमुवेलदादा गर्दीतून घुसले, इतके ठेंगणे की गर्दीत फक्त माणसं बाजूला होताना दिसत होती. "वाट द्या, वाट द्या, पेशंट हाय," असं दवाखान्यातल्या सवयीनं ओरडत त्यांनी सरांना बाहेर काढलं आणि स्कूटरवर बसवून नेलं.

सोमवारी संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावलं. मी आणि खेळाचे शिक्षक न बोलावता बरोबर गेलो.

"दोन्ही समाज नाराज आहेत सर," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही असं करा, माफी मागून टाका."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

"सगळ्याची माफी कुणाला मागता येते? मी जे बोललो नाही त्याची माफी मागू, का जे बोललो त्याची?"

"सर, शब्दांत अडकू नका."

"मी शिक्षक हाय साहेब. शब्दांत नाही तर कशात अडकू?"

मी मधे बोलले. म्हटलं, मी स्वतः भाषण ऐकलंय, सरांनी दोघांपैकी कुणाचाही अपमान केला नाही, हवं तर मी लिहून देते. अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाचा ट्रे घेऊन आलेय आणि मधेच गायला लागलेय. "बाई, तुमचा काय संबंध? तुमच्या समाजाचा तर यात प्रश्नच नाही." खेळाचे शिक्षक टेबलावर हात आपटून म्हणाले, की खरं-खोट्याला समाज लागतो का? खरं काय हे त्या खोलीत कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. फक्त प्रकरण मिटायला हवं होतं, आणि मिटवायला सगळ्यात सोपं काय, तर माणूस.

सरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. रजेतच त्यांची निवृत्ती आली. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, फळ्यावर दोन ओळी नाहीत. उभं आयुष्य जिथं घालवलं, त्या शाळेतून ते गेले कधी हेसुद्धा पुष्कळ मुलांना कळलं नाही. शिक्षक-खोलीतले काही जण मला म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, जरा जास्तच बोलायचे ते." मी त्यांच्याशी भांडले. पुष्कळ दिवस भांडत राहिले. काही उपयोग झाला नाही, पण ते भांडण मला अजूनही थोडं वाटतं.

सर मात्र स्वतःबद्दल चकार शब्द काढेनात. संतापानं फुटायची पाळी त्यांच्यावर आली ती दुसऱ्याच कारणानं.

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दादांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, दुपारची लांब उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, त्या एकेका बोलावर मंडळीतलं एकेक माणूस उभं राहून बोलतं. दुसरा बोल शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला उद्देशून आहे. त्यानं मरता मरता येशूकडे याचना केली, आणि येशूनं त्याला आजच्या आज आपल्याबरोबर स्वर्गात नेण्याचा शब्द दिला. हा बोल वर्षानुवर्षं शमुवेलदादांकडे असायचा. त्या वर्षी तो त्यांच्याकडून काढून घेतला. तक्रारीवर सही केली नाही, आणि सत्काराच्या मांडवात दिसले, म्हणून.

"चालायचंच," दादा म्हणाले. पण मार्थावहिनी म्हणाल्या, की ते चार दिवस नीट जेवले नाहीत.

हे कळल्यावर सर दुपारच्या उन्हात छत्री न घेता चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी निघाले. काहीतरी आक्रीत होईल या भीतीनं मी पाठोपाठ गेले. पाळकसाहेब थकलेले, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. सरांनी पाणी घेतलं नाही.

"शमुवेलचा बोल का काढला?"

"मंडळीतल्या काही तरुणांचा विरोध आहे. मला सगळ्यांना धरून चालावं लागतं."

"गुन्हा कुणाचा? माझा ना? मग शिक्षा त्याला का?"

पाळकसाहेबांनी पाण्याचा पेला पुन्हा पुढे सरकवला.

"एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्यानं भोगायची, हे तुमच्या धर्मात हाय, मला माहीत हाय. पण ते एकदाच झालं ना साहेब? कायमचं, सगळ्यांसाठी, असंच शिकवता ना तुमी? मग रोज रोज एकेक माणूस कशाला खिळता?"

मला वाटलं, आता हे आम्हाला घालवून देणार. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "माझ्या प्रवचनात मला हे वाक्य कधी सुचलं नाही." मग म्हणाले, "शमुवेलभाऊ बोलतील. पण तुम्ही येऊ नका. तरुण पोरं आहेत, उगीच काही झालं तर..."

"मी येणार."

"गुरुजी..."

"मी मागं उभा राहीन. बसणार नाही. बसलो नाही म्हणजे उपासनेला आलो असं होत नाही. माझ्या धम्माला बाध नको, तुमच्या मंडळीला नको."

पाळकसाहेबांनी हात जोडले.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते, पण सोलापूरचा उकाडा त्यांना जुमानत नव्हता. मी मार्थावहिनींशेजारी बसले. सर शेवटच्या बाकामागं दाराशी भिंतीला न टेकता उभे होते, हाताची घडी घालून. लोक वळून वळून बघत होते.

दुसऱ्या बोलाला शमुवेलदादा उठले. ते पुढे जाऊन माईकच्या मेजामागं उभे राहिले तर त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

"या चोराविषयी मी दरसाली बोलतो," ते म्हणाले. "यंदा दुसऱ्या एका माणसाविषयी बोलतो. बौद्धांच्या पुराणात देवदत्त म्हणून हाय. लई वाईट. त्यानं बुद्धावर धोंडा लोटला, हत्ती सोडला. शेवटी आजारी पडला आणि पस्तावला. म्हणाला, मला भावाला भेटायचंय. चालता येईना, तर लोकांनी खाटेवर घालून न्यायला काढला. पार बुद्धाच्या दारापर्यंत आणला. खाटेवरनं पाय खाली टेकला, तर जमीन फाटली आणि त्याला गिळून घेतलं."

चर्चमध्ये चुळबूळ सुरू झाली होती.

"मी माझ्या भावाला म्हटलं, हा काय न्याय? आमच्या चोराला त्याच दिवशी आत घेतलं, तुमच्याला दारात गिळलं. भाऊ माझ्यावर चिडला. म्हणाला, पुढचं ऐकून घे. जमिनीत जाता जाता गळ्यापर्यंत गेला, तवा तो म्हणाला, मी बुद्धाला शरण आलो. आणि बुद्ध म्हणाला, ह्याला लई काळ लागंल, लई भोगावं लागंल, पण हाबी एक दिवस सुटंल. हाबी बुद्धत्वाला पोचंल." दादांनी घाम पुसला. "मंडळी, आमचा चोर एका दिवसात पोचला, त्यांचा लाखो वर्षांनी पोचणार. पण बाहेर कायमचा कुणालाच ठेवला न्हाय. ना आमच्यात, ना त्यांच्यात. मग आपण कोण लागून गेलो?"

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. सह्या गोळा करत फिरलेल्यांपैकी एक तरुण सरांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर चला म्हणत होता. सर हलत नव्हते. सगळं चर्च मागं वळलं. मार्थावहिनींनी माझा हात घट्ट धरला.

"सोड त्यांना," दादा पुढून म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मी तो आवाज त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "उभे राहू दे. भाऊ हाय माझा."

पाळकसाहेब आपल्या जागेवरून उठले आणि उभेच राहिले. तरुणानं इकडेतिकडे पाहिलं, हात सोडला, आणि तो जाऊन बसला. दादांनी दोन शब्दांत प्रार्थना केली. उरलेले पाच बोल झाले, गाणी झाली, लोक गुडघे टेकत होते, उठत होते, बसत होते. सर शेवटपर्यंत उभे होते.

बाहेर पडल्यावर मी त्यांना गाठलं. ते भिंतीच्या सावलीत उभे राहून आळीपाळीनं एकेक पाय उचलत होते. चेहरा संतापानं तांबडालाल, डोळे त्याहून लाल.

"काय झालं सर? कुणी काही बोललं का?"

"बोललं की! तुमी ऐकलं नाही? एवढ्या लोकांसमोर, माईकवर!" त्यांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, चेहऱ्यावर दाबून धरला आणि रुमालाआडूनच म्हणाले, "भाऊ म्हणे. चुलत म्हणायला काय झालं होतं शम्याला?"